'पिक'चा 'अप' सांडला कुठे?

मंडळी, दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे कपाशीच्या शेतात जे काम चालतं, तिथूनच सुरुवात करू. फुटलेल्या बोंडातला कापूस हाताने काढला, की आपण म्हणतो 'वेचला'. त्यातला थोडा ओटीतून खाली सांडला आणि वाकून गोळा केला, तरी आपण म्हणतो 'वेचला'. इंग्रजीला ही दोन कामं वेगळी दिसतात. झाडावरचा कापूस 'पिक' करायचा, जमिनीवर पडलेला 'पिक अप' करायचा. दिवसभराच्या वेचणीबद्दल कुणी 'वी पिक्ड अप कॉटन ऑल डे' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल, यांचा मालच सांडला होता वाटतं!

'पिक'चा दुसरा अर्थ निवडणं. आपल्या 'वेच'मध्येही तो आहेच. 'वेचक' म्हणजे निवडक. 'अप' गळला की काय होतं, ते या निवडण्याच्या अर्थामुळे कळतं. 'ही डिडन्ट पिक माय कॉल', 'पिक मी फ्रॉम द स्टेशन' ही वाक्यं आपल्याकडे रोज ऐकू येतात. 'शी पिक्ड द फोन' याचा सरळ अर्थ मात्र, दुकानातल्या फोनांपैकी एक तिने पसंत केला. फोन उचलला असेल तर 'पिक्ड अप'च हवं. दुसऱ्या वाक्यात तर तुम्ही जळगाव स्टेशनवरच्या गर्दीतून स्वतःची निवड करायला सांगताय.

ही चूक येते कुठून? माझ्या मते 'पिक अप'च्या जोडीदाराकडून, म्हणजे 'ड्रॉप'कडून. 'ड्रॉप मी ॲट द स्टेशन' हे 'ऑफ'शिवाय बरोबर आहे. मग 'पिक-ड्रॉप' अशी जोडी जमते आणि 'पिक'चं शेपूट तुटतं. ट्रॅव्हल्सवाले मात्र 'पिकअप पॉइंट अजिंठा चौफुली' असं अचूक सांगतात. तेवढं पाठ ठेवलं तरी पुरे.

क्रियापदापुढे असा चिमुकला शब्द लावून अर्थ पालटायची इंग्रजीची खोड परक्यांना सगळ्यात जड जाते, हे इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय. आपणही काही कमी नाही. 'लिहून टाक', 'लिहून ठेव', 'लिहून दे' यांतला फरक परक्याला समजावून बघा. आपण दुसरं क्रियापद जोडतो, ते दिशेचा शब्द जोडतात, इतकंच.

आता अर्थ. कोशात 'पिक अप'खाली वीसेक अर्थ दिसले की मुलं घाबरतात. पाठांतर नको. आधी एवढंच बघा, की वाक्यात कर्म आहे का. कर्म असेल तर बहुतेक वेळा बाहेरची गोष्ट आपल्याकडे आली, असा अर्थ निघतो. काय आलं ते कर्मच सांगतं. मूल शाळेतून, पार्सल ऑफिसातून, सिग्नल रेडिओवर, इंग्रजी कानावर पडून, सर्दी दुसऱ्याकडून, सवय संगतीने. मराठीत दरवेळी क्रियापद बदलतं: मुलाला आणलं, पार्सल घेतलं, सिग्नल पकडला, भाषा ऐकून आली, सर्दी झाली, सवय जडली. म्हणून 'पिक अप म्हणजे उचलणे' असं वहीत एकदा लिहून मोकळं होता येत नाही.

कर्म नसेल, तर वाढ किंवा सुधारणा. 'द विंड पिक्ड अप', म्हणजे वाऱ्याने जोर धरला. साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या डोळ्यांपुढे आणा. 'बिझनेस इज पिकिंग अप' याला आपल्या बाजारात नेमका शब्द आहे, तो म्हणजे उठाव. 'मालाला उठाव आलाय.' भाषांतरात 'व्यवसाय उचलत आहे' वाचलं की दाताखाली खडा येतो. 'पिक अप स्पीड'मध्ये कर्म असूनही वाढच आहे. भुसावळहून गाडी सुटली आणि तिने वेग घेतला. हा अपवाद वेगळा लक्षात ठेवा.

'उचलणे' काही ठिकाणी मात्र तंतोतंत बसतं. फोन उचलणे, खर्च उचलणे, पोलिसांनी उचलणे, तिन्हीकडे इंग्रजीत 'पिक अप' चालतं. त्यामुळेच आपण बेसावध होतो. पाऊल उचललं तर 'टेक अ स्टेप'. मुलावर हात उचलला तर 'हिट'. मागणी उचलून धरली तर 'सपोर्ट'. मुकादमाकडून उचल घेतली तर 'ॲडव्हान्स'. इथे 'पिक अप' घातलं, की वाक्य बिघडलंच. पोलिसांच्या बातमीत तर जास्तच जपायला हवं. 'पिक्ड अप फॉर क्वेश्चनिंग' म्हणजे चौकशीसाठी नेलं. त्याला 'अटक' म्हणू नका. कायद्याने ती निराळी गोष्ट आहे.

शब्दांची जागाही बघा. 'पिक अप द बॅग' आणि 'पिक द बॅग अप' दोन्ही बरोबर. पण बॅगेऐवजी 'इट', 'हिम', 'देम' असं सर्वनाम आलं की ते मध्येच बसवायचं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' चूक. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी टाका, नाहीतर 'अप' येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. माणूस घ्यायला जायचं असेल तर वेळ आणि ठिकाण जोडा: 'आय विल पिक हर अप फ्रॉम द स्टेशन ॲट फाइव्ह'. नुसतं 'पिक्ड अप अ गर्ल' म्हटलं, तर अनोळखी मुलीला पटवल्याचा अर्थ निघतो.

पर्यायी शब्दांचं म्हणाल तर 'पिक अप' हा घरगुती, बोलण्यातला. अर्जात किंवा अहवालात पार्सलसाठी 'कलेक्ट', विक्रीसाठी 'इम्प्रूव्ह', रोगासाठी 'कॉन्ट्रॅक्ट', सिग्नलसाठी 'डिटेक्ट', थांबलेलं काम पुढे न्यायचं तर 'रिझ्यूम'. कॉलसाठी आपल्याकडे 'रिसीव्ह' चालतं, तिकडे 'आन्सर' म्हणतात. पोत्यासारखं जड काही असेल तर 'लिफ्ट' बरं. पण रस्त्यावर पडलेलं नाणं कुणी 'लिफ्ट' करत नाही. 'पिक अप ऑन' हे वेगळंच प्रकरण. कुणी न सांगता एखादी गोष्ट लक्षात येणं, म्हणजे 'नोटिस'.

कानाचंही थोडं सांगतो. क्रियापद असेल तेव्हा जोर 'अप'वर, आणि लिहिताना दोन शब्द. नाम असेल तेव्हा जोर 'पिक'वर, आणि शब्द जोडून: पिकअप. बोलताना 'पिक इट अप' हे 'पिकिटप' ऐकू येतं. ऐकण्याच्या परीक्षेत मुलं इथे अडकतात. 'गाडीला पिकअप नाही' यातला पिकअप अमेरिकेत चालतो, ब्रिटनमध्ये 'ॲक्सिलरेशन' म्हणतात.

आता फळ्यावरचं वाक्य वाचा: 'द पिकअप पिक्ड अप द कॉटन पिकर्स ॲट सिक्स अँड सून पिक्ड अप स्पीड.' पिकअप गाडीने सहा वाजता वेचणीच्या बायांना घेतलं आणि लवकरच वेग धरला. आता यातला 'द कॉटन पिकर्स'च्या आधीचा 'अप' खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. गाडी बायांना निवडायला लागली ना?