सुकतीतील सापाची शेपटी

नमस्कार, श्रोतेहो. तारामीन आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आज त्याच्या एका लाजाळू नातलगाविषयी, म्हणजे भंगुरताऱ्याविषयी, बोलणार आहे.

माझी आणि त्याची पहिली भेट मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर झाली. अमावास्येचे उधाण होते आणि सुकती मोठी होती. (पुस्तकांनी ‘ओहोटी’ हा शब्द रुजवला खरा, परंतु पाणी ओसरून उघडा पडलेला खडक मला ‘सुकती’ या शब्दातच दिसतो.) शेजारच्या मावशी कोयतीने कालवे सोडवत होत्या आणि मी टोपली धरून त्यांच्यामागे उभा होतो. मी एक दगड उलटला, तेव्हा त्याच्या पोटाला चिकटलेल्या स्पंजाच्या छिद्रांतून दोऱ्यासारखी काटेरी टोके हलताना दिसली. त्यांतले एक मी चिमटीत धरून ओढले. टोक हातात आले, प्राणी आतच राहिला आणि तो तुटका तुकडा माझ्या तळहातावर वळवळू लागला. मी किंचाळलो. मावशी मान वर न करताच म्हणाल्या, “सापाची शेपटी कित्याक ओढलंस रे? टाक ती, आनी दगड होतो तसो ठेव.”

पुढे कळले की या वर्गाचे ऑफियुरॉइडिया हे शास्त्रीय नाव ‘साप’ आणि ‘शेपटी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरूनच घडले आहे.

बाहू तुटला तो माझ्या ताकदीने नव्हे. पुन्हा सांगतो, माझ्या ताकदीने नव्हे. शत्रूने धरलेला बाहू हा प्राणी स्वतःच सोडून देतो आणि त्या जागी नवा वाढवतो. त्याला मेंदू नसतो, मुखाभोवती चेतातंतूंचे कडे असते. गुदद्वारही नसते, त्यामुळे न पचलेले अन्न तोंडावाटेच बाहेर पडते. जगात याच्या २,००० हून अधिक जाती आहेत. बहुतेकांना पाच बाहू असतात, परंतु उष्ण समुद्रांतील स्पंजांत राहणाऱ्या, १८४२ साली वर्णिलेल्या ऑफिअ‍ॅक्टिस साविग्नी या जातीला बहुधा सहा असतात. ती मधोमध फाटून एकाची दोन होते, म्हणून एकाच स्पंजात तीन लांब आणि तीन आखूड बाहूंचे कितीतरी जीव सापडतात.

त्या दिवशी दगड मी घाईत उलटाच टाकला होता. मावशींनी कोयती बाजूला ठेवली, तो उचलला आणि ओली बाजू खाली करून बसवला.