दीड तोळ्याचा पाऊण तोळा

नमस्कार श्रोतेहो. साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी घालायची आता पद्धतच पडली आहे. मुलाने गुडघ्यावर बसायचं, वर ड्रोन भिरभिरत ठेवायचा, आणि आत्या-मावश्यांनी बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. माझ्या मते पाटावर बसून पुडा फोडण्यात जास्त मजा होती. पण ते असो. अंगठी घ्यायचीच आहे, तर आत बसवलेल्या दगडाबद्दल बोलू.

दुकानात गेलात की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती सेंटचा बघताय?" म्हणजे वजन. शंभर सेंटचा एक कॅरट, आणि एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. आपणही तयारच असतो, "वाढवा थोडं, शेजाऱ्यांच्या सुनेला पाऊण कॅरटचा होता." माझं आजचं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगतो: आधी घाट बघा, मग वजन. पुन्हा सांगतो, आधी घाट, मग वजन. दुकानदार याला 'कट' म्हणतात. कट म्हणजे केवळ गोल की चौकोनी एवढंच नव्हे. पैलू कोणत्या कोनात पाडले, किती सारखे पाडले, ते. रंग आणि स्वच्छता दगड जमिनीतून घेऊन येतो. चमक कारागीर काढतो.

आणि हे पटवायला माझ्याकडे एक गोष्ट आहे. ती मी संधी मिळेल तिथे सांगतो, आज तर माइकच हातात आहे.

नाशिकचा हिरा ऐकलाय? जगाच्या दप्तरात त्याचं नाव 'नासक डायमंड'. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, असं सांगतात. तिथून तो पेशव्यांकडे आला. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाचं राज्य बुडालं, आणि राज्याबरोबर हिराही कंपनी सरकारच्या हाती गेला. कोहिनूरसाठी आपण दर दोन वर्षांनी गळा काढतो; हा तर आपल्या घाटमाथ्यावरचा, याचं नावही कुणी घेत नाही. असो.

हिरा लंडनला पोचला. वजन सुमारे ९० कॅरट, म्हणजे जुन्या हिशोबाने जवळजवळ दीड तोळा. दीड तोळ्याचा अखंड हिरा! पण लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो उजेडात धरला आणि नाकं मुरडली. दगड अस्सल, आकार मात्र तिकोनी, ओबडधोबड, आणि वजनाच्या मानाने तेज बेताचं. आपले जुने कारागीर अडाणी होते का? मुळीच नाही. त्यांना राजेलोक पैसे देत ते वजनाचे. टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर येऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय, की दगड निर्मळ असेल तर इथले लोक तो नुसता घासायच्या चाकावर धरतात, वजन जाईल म्हणून घाट देत नाहीत. आणि आत डाग असेल तर त्यावर बारीक बारीक पैलू पाडून तो झाकतात. त्या बाजाराचा तो शहाणपणाच होता.

तर रंडेल अँड ब्रिज या लंडनच्या पेढीने तो घेतला आणि नव्याने पैलू पाडले. भीत भीत. तिकोनी आकार ठेवला, जेमतेम दहा कॅरट घालवले, आणि हिरा साधारण ८० कॅरटवर आणला. एवढ्यानेही तो उजळला. पुढे वेस्टमिन्स्टरचा मार्क्विस, म्हणजे तिथला एक उमराव, याने तो घेतला आणि आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. देवळातून निघून तलवारीच्या मुठीत! साहेबाला हौस किती.

शंभर वर्षं गेली. १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो पॅरिसमध्ये मिळवला. आणि या गृहस्थाने काय करावं? ८० कॅरटचा हिरा पुन्हा चाकावर चढवला. उतरवला तेव्हा उरले ४३.३८ कॅरट. श्रोतेहो, नीट ऐका. नव्वदचे ऐंशी, ऐंशीचे त्रेचाळीस. दीड तोळ्याचा पाऊण तोळा! निम्म्याहून जास्त हिरा भुकटी होऊन गेला, आणि तोही मुद्दाम.

आकार त्याने निवडला एमराल्ड कट. लांबट चौकोन, कोपरे छाटलेले, आत पायऱ्यापायऱ्यांचे मोठे पैलू. या घाटात काहीही लपत नाही. बारीकसा डाग असला तरी तो थेट दिसतो. टॅव्हर्निएने पाहिलेल्या त्या डाग झाकणाऱ्या पैलूंच्या अगदी उलट. दगड आतून निर्दोष होता, म्हणूनच विन्स्टनला हे धाडस करता आलं. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत बाईंना तो लग्नाच्या वाढदिवसाची भेट मिळाला, आणि त्यांनी तो वापरला कशात, तर अंगठीत. १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले. माझ्या मनाला विचाराल तर तो तिकोनी घाट गेल्याची हळहळ वाटते. पेशव्यांनी पाहिलेला हिरा आता जगात कुठेच नाही. पण अंगठीसाठी विन्स्टनचा निर्णय बरोबर होता.

वेळ बराच गेला, तेव्हा आता झरझर सांगतो. गोल हिरा घेताय असं धरू. त्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. वरून शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वर यायला हवा. खालचा भाग उथळ असेल तर वरून बघताना मध्ये फिकट कडं दिसतं. फार खोल असेल तर मधोमध काळोख. कडं नको, काळोख नको.

सर्टिफिकेटवर जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचा कट ग्रेड बघा. २००६ पासून ते गोल हिऱ्याला एक्सलंट ते पुअर अशा पाच पायऱ्या देतात. एक्सलंटच घ्या. हिऱ्याच्या रुंदीच्या मानाने खोली साधारण ५९ ते ६२ टक्के, वरचं सपाट टेबल ५४ ते ५८ टक्के असेल तर निर्धास्त राहा. कारखान्यात वाढवलेल्या हिऱ्यालाही हीच मापं लागू, प्रकाशाला त्याचं जन्मस्थान कळत नाही.

एक कॅरटचा नीट पाडलेला गोल हिरा वरून साडेसहा मिलिमीटरच्या आसपास भरतो. सहाच भरला तर तो पोट सुटलेला हिरा समजा. वजनाचे पैसे द्यायचे आणि ते खाली लपलेलं. पूर्ण एक कॅरट भरला की भाव उडी मारतो, म्हणून काही कारागीर वजन पोटात राखतात. त्यापेक्षा ९५ सेंटचा देखणा हिरा घ्या.

आणि दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. त्या दिव्यांखाली काचही चमकते. चहा घ्या, थंड घ्या, पण अंगठी दारापाशी नेऊन सावलीतल्या उजेडात तिरकी करून बघा. दिव्याखाली नको, दाराशी बघा.

एक राहिलंच. हिऱ्याला तेलकटपणा फार चिकटतो. खाणीवर पूर्वी चरबी फासलेल्या टेबलांवरूनच ते वेचून काढत. पोळ्यांना तूप लावताना अंगठी घातलीत, की खालचे पैलू मंद होणार आणि दोष कारागिराला जाणार. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, बस्स. टूथपेस्ट नको, सोन्याला चरे पडतात. आणि धुण्याआधी बेसिनचं भोक बंद करा. नमस्कार.