मुरघासाचं विरजण

(दृश्य: कुट्टी यंत्राच्या तोंडातून उडणारी हिरवी कुट्टी. यंत्राचा आवाज हळूहळू मागे जातो.)

कापला म्हणजे मका मेला, असं वाटतं. प्रत्यक्षात मुरघासाच्या, म्हणजे हवा बंद करून आंबवायच्या हिरव्या चाऱ्याच्या, खड्ड्यात पडलेली कुट्टी पुढचे काही तास जिवंतच असते. तिच्या पेशी श्वास घेत राहतात, थरांत अडकलेला प्राणवायू वापरतात, साखर जाळतात आणि गरम होतात. त्याच साखरेवर पानांवरून आलेले जिवाणू, यीस्ट, बुरशीचे बीजाणू आणि मातीतून आलेले क्लॉस्ट्रिडियम हे कुजवणारे जिवाणू टपून बसलेले असतात. साखर कोणाच्या तोंडी लागते, त्यावर मुरघास कसा होणार ते ठरतं.

लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू जिंकले तर फायदा सरळ आहे. ग्लुकोजच्या एका रेणूतून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू होतात आणि वजनात जवळपास काहीच घट येत नाही. क्लॉस्ट्रिडियम जिंकलं तर उलटा प्रवास सुरू होतो: तयार झालेलं लॅक्टिक आम्ल तेच खातं आणि दोन रेणूंमागे ब्युटिरिक आम्लाचा एकच रेणू हाती देतं. बाकीचं कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन होऊन हवेत जातं. सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) पुन्हा चढतो, प्रथिनं कुजतात. असा मुरघास हातात घेतला की त्याचा वास साबणानेही लवकर जात नाही.

उभ्या पिकावर लॅक्टिक जिवाणू असतातच. किती, याचा मात्र भरवसा नाही: एका ग्रॅमवर काही शे सापडतील, नाहीतर काही लाख. शिवाय जे आहेत ते सगळेच कामाचे नसतात. म्हणून विरजण, म्हणजे पाकिटात मिळणारे लॅक्टिक जिवाणू (कल्चर), बाहेरून लावायचं.

(दृश्य: पाकिटावरचं लेबल, जवळून.)

लेबलावर दोन प्रकारची नावं दिसतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम, पेडिओकोकस, एंटेरोकोकस ही मंडळी झपाट्याने लॅक्टिक आम्ल बनवणारी. एंटेरोकोकस आणि पेडिओकोकस सुरुवातीला, सामू अजून ५ च्या वर असताना जोर करतात. तो ५ च्या खाली आला की सूत्रं प्लँटारमकडे जातात. म्हणून चांगल्या मिश्रणात हे सोबत दिलेले असतात. दुसरा प्रकार लॅक्टोबॅसिलस बुखनेरीचा. तो लॅक्टिक आम्लाचा काही भाग खाऊन त्याचं ॲसेटिक आम्ल करतो आणि ॲसेटिक आम्ल यीस्टला सहन होत नाही. खड्डा उघडल्यावर मुरघास गरम होण्याची सुरुवात बहुतेक वेळा यीस्टपासूनच होते. (२०२० मध्ये या गटाची नावं बदलली. नव्या लेबलावर लॅक्टिप्लँटिबॅसिलस किंवा लेंटिलॅक्टोबॅसिलस दिसलं तर जिवाणू जुनेच आहेत.)

निवड इथेच चुकते. मक्यात साखर भरपूर असते आणि तो सहसा आपणहून आंबतो. त्याची खरी दुखणी उघडल्यावर सुरू होतात, विशेषतः उन्हाळ्यात आणि रोज थोडाच चारा निघत असेल तेव्हा. तिथे नुसतं प्लँटारम वापरलं तर आम्ल छान तयार होतं, पण ॲसेटिक आम्ल कमी पडल्याने हवा लागताच मुरघास आधीपेक्षा लवकर तापू शकतो. अशा मक्याला बुखनेरी हवा. लसूण घासासारख्या द्विदल चाऱ्याचं उलटं: साखर कमी, प्रथिनं आणि क्षार जास्त, त्यामुळे सामू खाली यायला तयारच नसतो. तिथे झपाट्याने आम्ल करणारा गट लागतो. साखरच अपुरी असेल तर जिवाणू तरी काय खाणार? मग वजनाच्या २ ते ५ टक्के उसाची मळी (मोलॅसिस) मिसळावी लागते. जिवाणू साखर निर्माण करत नाहीत, हे पाकीट विकणारा सहसा सांगत नाही.

आता मात्रा. प्रत्येक ग्रॅम ओल्या चाऱ्याला किमान १ लाख जिवंत जिवाणू, हा सर्वमान्य आकडा. एका टनात १० लाख ग्रॅम, म्हणजे टनाला दहा हजार कोटी जिवाणू. हिशोब असा मांडायचा: पाकिटातल्या एका ग्रॅममधले जिवाणू गुणिले टनामागे सांगितलेले ग्रॅम, भागिले १० लाख. समजा लेबल म्हणतं, ग्रॅमला १०० कोटी जिवाणू आणि वापर टनाला १० ग्रॅम. गुणाकार हजार कोटी, भागाकारानंतर चाऱ्याच्या ग्रॅमला फक्त १० हजार. लागतात त्याच्या दहावा हिस्सा! लेबलावर ‘कोट्यवधी उपयुक्त जिवाणू’ एवढंच छापलं असेल, आकडाच नसेल, तर पाकीट परत ठेवावं.

(दृश्य: फ्रिजमधून काढलेलं पाकीट. पाण्याच्या टाकीत तापमापी.)

पाकिटात जिवाणू वाळवून झोपवलेले असतात. ओलावा आणि उष्णता हे त्यांचे वैरी. न फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवायचं. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या पाकिटावर वापराची मुदत कितीही पुढची असो, आत काय उरलं असेल सांगता येत नाही. फोडलेलं पाकीट त्याच दिवशी संपवायचं.

पाण्यात क्लोरीन नको. नळाचं पाणी असेल तर उघड्या भांड्यात रात्रभर ठेवावं. विहिरीचं किंवा बोअरचं स्वच्छ पाणी चालतं. आधी छोट्या बादलीत भुकटी नीट विरघळवून घ्यायची, गुठळ्या फोडायच्या, मग टाकीत ओतायची आणि गाळणी लावायची. नाहीतर नोझल बरोबर घाईच्या वेळी तुंबतं. टाकीतलं पाणी ३५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. यंत्रावर उन्हात बसवलेली काळी टाकी आणि इंजिनाजवळून गेलेली नळी हा आकडा सहज ओलांडतात. टाकीला सावली करावी आणि बर्फ गोठवलेल्या बंद बाटल्या आत सोडाव्यात. तयार द्रावण २४ तासांत वापरावं आणि काम संपल्यावर टाकी धुवावी.

फवारणीचा वेग कुट्टीच्या वेगाशी जुळवायचा. यंत्र तासाला ३ टन कापत असेल आणि टनाला २ लिटर द्रावण द्यायचं असेल, तर तासाला ६ लिटर, म्हणजे मिनिटाला १०० मिली. नोझलखाली मोजपात्र धरून एक मिनिट मोजलं की झालं. फवारा कुट्टी यंत्राच्या तोंडाशी हवा, जिथे प्रत्येक तुकडा समोरून जातो. खड्ड्यात थर पसरून वरून झारीने शिंपडणं सोपं वाटतं, पण हे जिवाणू चालत जात नाहीत. जिथे पडतात, तिथेच काम करतात. खालचा निम्मा थर मग विरजणाशिवाय राहतो.

(दृश्य: मुठीत दाबलेली कुट्टी.)

चाऱ्याचा ओलावा चुकला तर जिवाणूंवर केलेला खर्च वाया. मक्यात शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, ३२ ते ३५ टक्के हवा. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडावी. बोटांमधून पाणी ठिबकलं तर चारा फार ओला: रस खड्ड्यातून वाहून जाईल आणि क्लॉस्ट्रिडियमला आयतं रान मिळेल. गोळा सावकाश उकलला तर बरोबर. लगेच सुटून पडला तर कोरडा, दाबला जाणार नाही. नेमका आकडा हवा असेल तर १०० ग्रॅम कुट्टी मायक्रोवेव्हमध्ये, शेजारी पाण्याचा पेला ठेवून, वजन घटायचं थांबेपर्यंत थोडी थोडी वाळवावी. उरलेले ग्रॅम म्हणजेच टक्के. शुष्क पदार्थ ४० टक्क्यांच्या वर गेला असेल तर कोरडी भुकटी भुरभुरू नये. त्या जिवाणूंना जागं व्हायलाच पाणी मिळत नाही, तिथे द्रावणच हवं.

मग दाबणं. थर १५ सेंटिमीटरचा, त्याहून जाड नको. जाड थरात ट्रॅक्टरचं वजन वरच्यावरच राहतं. तासाला जितके टन चारा येतो, त्या प्रत्येक टनामागे ४०० किलो वजन खड्ड्यावर फिरत राहायला हवं. तासाला २० टन येत असतील तर ८ टन. ट्रॅक्टर हलका असेल तर चारा आणण्याचा वेग कमी करावा. घाईत हेच कोणाला पटत नाही. चाकांना माती लागली असेल तर आधी धुवावी, कारण क्लॉस्ट्रिडियम त्याच मातीतून आत येतं. भरून झालं की त्याच दिवशी प्लास्टिकचा कागद अंथरून, कडा मातीने किंवा वाळूच्या पिशव्यांनी दाबून हवा बंद.

भरल्यानंतरचे पहिले ३ आठवडे खड्ड्याजवळ सावध राहायचं. नायट्रेट जास्त असलेल्या चाऱ्यातून पिवळट तपकिरी विषारी वायू निघू शकतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागेत साचतो.

झपाट्याने आम्ल करणाऱ्या जिवाणूंचं बरंचसं काम पहिल्या काही दिवसांतच होतं. बुखनेरी मात्र सावकाश चालतो, त्याला ४५ ते ६० दिवस लागतात. तिसऱ्या आठवड्यात खड्डा उघडून ‘कल्चरचा काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्याने त्याला कामच करू दिलेलं नसतं. पूर्ण मुरलेल्या अशा मुरघासाला व्हिनेगरसारखा हलका आंबट वास येतो आणि सामू नेहमीपेक्षा किंचित वर असतो. तो बिघाड नाही.

(दृश्य: उघडलेल्या खड्ड्याची उभी भिंत. तापमापीची सळई आत जाते.)

चारा वरून उकरून काढायचा नाही. भिंत सरळ ठेवून कापत जायचं, थंडीत रोज किमान १५ सेंटिमीटर, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. खड्ड्याची रुंदी भरण्याआधीच जनावरांच्या संख्येवरून ठरवायची असते ती यासाठीच. काढलेल्या चाऱ्याचा थोडा ढीग सावलीत ठेवून तापमापी खोचावी. भोवतालच्या हवेपेक्षा तो २ अंशांनी गरम झाला की यीस्टचं काम सुरू झालं असं समजायचं. तिथपर्यंत किती तास गेले ते टिपून ठेवावं. पुढच्या हंगामात जिवाणू बदलले, तर तुलना करायला हा आकडा हाताशी असतो. पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसलेला थर जनावरांपुढे टाकायचा नाही, चांगल्या चाऱ्यात मिसळूनही नाही.