सर्वांत खालची प्रत

टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांनी जरा हात वर करा. वा, निम्मी सभा! मग तुम्हाला सांगायला नको की कार्बन घालून टाइप केलं की वरची प्रत साहेबांना जाते, खालची फायलीत. १९७० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमध्ये अशा खालच्या प्रतींवर अख्खं साहित्य जगलं. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले, आणि पुढे कित्येक लेखकांची पुस्तकं छापणं बंद झालं. तेव्हा लुडविक वात्सुलिक हा लेखक आणि त्याच्या मित्रांनी पातळ कागदांवर पुस्तकं टाइप करून घेतली. त्या मालेचं नाव 'पेटलिट्से', म्हणजे दाराची कडी. प्रतीवर लेखकाची सही, आणि खाली सूचना: हे हस्तलिखित आहे, याची पुढे नक्कल करायला मनाई. कायद्यातून वाट काढायची ती युक्ती. लोकांनी नकला केल्याच!

आता घरची गोष्ट. आणीबाणीत माझे वडील सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं सायकलवरून पोचवत. त्यांचा एक गठ्ठा माळ्यावर होता. ते गेल्यावर मी तो एका ग्रंथालयाला दिला, हौसेने, रिक्षा करून. दोन वर्षांनी पाहायला गेलो तर गठ्ठा नाही. "प्रकाशकाचं नाव नाही, किंमत नाही, दाखल नोंदवहीत घालणार कसं?" रद्दीत गेला. अहो, नाव नव्हतं म्हणूनच ती माणसं घरी राहिली ना! नाव छापलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात पोलीस. त्यातलं एकच पान माझ्याकडे उरलंय, कारण ते वडिलांच्या डायरीत होतं. हे पाहा. टाचणीच्या गंजाचा डाग, शाई एका कडेला फिसकटलेली, आणि मागे पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय, 'वाचून परत दे'. अक्षर वडिलांचं नाही. कुणाचं, ते विचारायला आता कुणी नाही. मला या पानावरच्या मजकुरापेक्षा ते तीन शब्द जास्त मोलाचे वाटतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. विषय तर संग्रहालयांचा होता, तेव्हा भराभर सांगतो.

प्रागमध्ये यिरी ग्रुन्तोराद नावाच्या गृहस्थाने अशा पुस्तकांपायी चार वर्षांची शिक्षा भोगली, आणि १९९० मध्ये 'लिब्री प्रोहिबिती', म्हणजे निषिद्ध ग्रंथांचं, ग्रंथालय उघडलं. ज्याने स्वतः ती पुस्तकं लपवली त्याचं प्रकाशकाच्या नावावाचून अडत नाही. त्या संग्रहातली नियतकालिकं २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली. बुडापेस्टमध्ये गालांताई आणि क्लानित्साय या जोडप्याने १९७९ मध्ये, कम्युनिस्ट राजवट असतानाच, 'आर्टपूल' हा कलेचा संग्रह सुरू केला. जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये १९८२ पासून पूर्व युरोपातल्या अशा कागदांची परदेशात बसून जपणूक चालली. आणि सोव्हिएत काळातल्या दडपशाहीच्या नोंदी जपणारी मॉस्कोची 'मेमोरियल' संस्था २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने बंद करायला लावली, म्हणजे जपलेलंही सुरक्षित नसतं.

माझं म्हणणं एवढंच की स्कॅन करताना नेहमी वरची ठळक प्रत घेतात. मजकूर वाचता येतो, ठीक. पण सातवी प्रत, जिथे अक्षर म्हणजे नुसती निळसर सावली, तीही ठेवा. तीसुद्धा कुणीतरी रात्रभर दिव्याखाली धरून वाचलेली आहे. आणि टाइप करणाऱ्या बायकांची नावं विचारून घ्या, त्या आहेत तोवर. ती नावं पुस्तकावर नसतात.

बाहेर पायरीपाशी खोका ठेवलाय. माळ्यावर काही असेल तर आणा, अर्धं फाटलेलं असलं तरी. वहीत फक्त कुणाकडून आलं ते लिहू.