एकच मोटर, मागची दोन चाकं: बीएमडब्ल्यू आय४ ई-ड्राइव्ह४०

(दृश्य: लिफ्टवर उचललेली गाडी, कॅमेरा खालून पुढून मागे सरकतो)

खालून पाहिली की ही गाडी लवकर समजते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जवळजवळ सगळी जागा एका सपाट पेटीनं व्यापली आहे. ती बॅटरी. वजन साधारण ५५० किलो, उंची जेमतेम ११० मिलिमीटर. तिच्या मागे, मागच्या अ‍ॅक्सलवर, मोटर, गिअर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा भाग) एकाच खोक्यात बसवले आहेत. पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारं काहीही इथे दिसणार नाही. त्यांना फक्त वळायचं असतं आणि थांबायचं असतं.

ही बीएमडब्ल्यू आय४ ई-ड्राइव्ह४०. म्युनिकच्या कारखान्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये हिचं उत्पादन सुरू झालं. इथे दिलेले आकडे त्या पहिल्या आवृत्तीचे आहेत.

ताकद २५० किलोवॅट, म्हणजे ३४० अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे मोटरचा फिरवण्याचा जोर, ४३० न्यूटन मीटर. शून्यातून १०० चा वेग ५.७ सेकंदांत. कमाल वेग १९० वर रोखलेला. वजन २,१२५ किलो, यात युरोपीय पद्धतीप्रमाणे चालकाचे ७५ किलो धरलेले आहेत.

५.७ सेकंद हा आकडा विद्युत गाड्यांमध्ये आता कुणाला चकित करत नाही. याच गाडीची दोन मोटरची आवृत्ती, एम५०, ३.९ सेकंदांत तिथे पोहोचते. पण दोघींची बॅटरी एकच आहे. युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत एम५० जास्तीत जास्त ५२० किलोमीटर जाते आणि ई-ड्राइव्ह४० जाते ५९०. पुढची मोटर काढल्यानं वजन घटलं, दुसऱ्या मोटरमध्ये होणारा ऊर्जेचा व्ययही टळला. लांबचा प्रवास करणाऱ्यासाठी हा सौदा उत्तम आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: मोटरचा उभा छेद)

आता मोटर. बहुतेक विद्युत गाड्यांच्या रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात, कायमचुंबक असतात. इथे एकही नाही. रोटरवर तांब्याची वेटोळी आहेत आणि कार्बन ब्रशांमधून त्यांना वीज दिली की रोटर चुंबक बनतो. वीज कमी केली की चुंबकत्व कमी. कायमचुंबकाला असं गप्प बसवता येत नाही. वेग वाढला की त्याचं क्षेत्र दाबून ठेवण्यासाठीच जास्तीची वीज खर्च करावी लागते. हायवेवर एकसारख्या वेगानं जाताना या मोटरचा फायदा दिसतो तो म्हणूनच. शिवाय कायमचुंबकांत वापरले जाणारे दुर्मीळ मृदा धातू या रोटरसाठी लागत नाहीत. उलट बाजू अशी, की ब्रश हा घासला जाणारा भाग आहे आणि रोटरच्या तांब्यातही उष्णता तयार होते.

मोटर मिनिटाला १७,००० फेऱ्यांपर्यंत फिरते. गिअर एकच. सुमारे ५,००० फेऱ्यांपर्यंत पूर्ण टॉर्क मिळतो, त्यापुढे तो उतरत जातो. त्यामुळे शहरात सिग्नलवरून निघताना जो जोर पाठीला जाणवतो, तसाच १२० च्या वेगावर ओव्हरटेक करताना जाणवेल अशी अपेक्षा ठेवू नका. ताकद पुरेशी असते, पण तो झटका नसतो.

मागची चाकंच का? वेग घेताना गाडीचा भार मागे झुकतो, मागचे टायर रस्त्याला जास्त घट्ट धरतात. टॉर्क तिथेच दिला तर तो वाया जात नाही, आणि स्टिअरिंगमध्ये ओढाताणही येत नाही. वजनाची वाटणी पुढे ४५ टक्के, मागे ५५ टक्के अशी आहे. बॅटरी तळाशी असल्यानं गुरुत्वमध्य पेट्रोलच्या ३ सीरिज सेडानपेक्षा ५३ मिलिमीटर खाली आला आहे. ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागलं, तर ते रोखण्याचं काम थेट मोटरचं नियंत्रण करणारा संगणक करतो. स्थैर्य सांभाळणाऱ्या वेगळ्या युनिटकडे संदेश जाऊन परत यायची वाट बघावी लागत नाही.

(दृश्य: उतारावर ब्रेक लावणारी गाडी, मंद गतीत)

पण थांबताना हेच गणित उलटतं, आणि माहितीपत्रकात याबद्दल फारसं काही सापडत नाही. ब्रेक लावला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. वीज परत मिळवणारी मोटर तर मागेच आहे. तिनं फार जोरात ब्रेक लावला तर मागची चाकं घसरतील आणि गाडीची शेपटी फिरेल. म्हणून ई-ड्राइव्ह४० जास्तीत जास्त ११६ किलोवॅट परत घेते, एम५० मात्र १९५ पर्यंत. रोजच्या वापरात ११६ पुरतात. जोराचा ब्रेक लागला की उरलेलं काम पुढच्या डिस्क करतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. घाटमाथ्यावर राहणाऱ्यानं सकाळी खाली उतरायचं असेल तर शंभर टक्के चार्ज करू नये, नाहीतर सगळा उतार ब्रेक पॅडच्या जिवावर काढावा लागेल.

गिअर सिलेक्टरवर डी आणि बी असे दोन पर्याय आहेत. बीमध्ये पाय उचलला की गाडी ठळकपणे मंदावते आणि शेवटी थांबते. डीमध्ये नेव्हिगेशन आणि पुढच्या वाहनाचा अंदाज घेऊन किती वीज परत घ्यायची हे गाडी स्वतः ठरवू शकते.

रेंजकडे वळू. बॅटरी एकूण ८३.९ किलोवॅट-तासांची, वापरता येतात ८०.७. आपण सरळ युनिट म्हणू. डब्ल्यूएलटीपीचा सर्वोत्तम आकडा १०० किलोमीटरला १६.१ युनिट. त्यावर ५९० किलोमीटरचा हिशेब केला तर ९५ युनिट होतात. मग ८०.७ च्या बॅटरीत ते बसतात कसे? कारण ही चाचणी वीज प्लगपाशी मोजते. चार्जर, तारा आणि बॅटरीतली उष्णता यांत जाणारी वीजही त्यात धरलेली असते. डॅशबोर्ड दाखवतो तो खर्च वेगळा, आणि मीटरवर चढणारा वेगळा.

हायवेवर १०० किलोमीटरला १८ युनिट लागले असं समजा. भरलेल्या बॅटरीवर सुमारे ४५० किलोमीटर होतील. पण लांबच्या प्रवासात आपण ८० टक्क्यांवरून निघतो आणि १० टक्क्यांवर पुन्हा प्लग लावतो. हाती उरतात ५६.५ युनिट, म्हणजे ३१४ किलोमीटर. प्रवासाची आखणी याच आकड्यावर करावी. वेग १०० वरून १३० वर नेला तर हवेचा विरोध ६९ टक्क्यांनी वाढतो. हवेच्या रोधाचा गुणांक ०.२४ इतका कमी असला तरी हे सुटत नाही.

चाकांचा आकारही विसरू नका. अमेरिकेच्या अधिकृत चाचणीत २०२२ च्या गाडीला १८ इंची चाकांवर ३०१ मैल मिळाले, १९ इंचीवर २८२. सुमारे ३० किलोमीटर गेले, केवळ दिसण्यापायी.

(दृश्य: चार्जरचा पडदा, आकडे चढताना)

चार्जिंग. डीसी, म्हणजे बॅटरीला थेट वीज देणाऱ्या जलद चार्जरवर कमाल २०५ किलोवॅट, १० ते ८० टक्के ३१ मिनिटांत. त्या ५६.५ युनिटांना ३१ मिनिटं, म्हणजे सरासरी सुमारे ११० किलोवॅट. २०५ चा आकडा बॅटरी बरीच रिकामी आणि पुरेशी गरम असताना थोडाच वेळ दिसतो, मग उतरत जातो. म्हणून १० ते १५ टक्क्यांवर पोहोचा आणि ८० वर निघा. शेवटच्या २० टक्क्यांसाठी थांबण्यात वेळ जातो, अंतर फारसं मिळत नाही.

बॅटरी थंड असेल तर दोनशेच काय, शंभरही दिसणं कठीण. थंडीत लिथियमचे आयन सेलमधल्या ग्राफाइटच्या थराच्या आत शिरायला वेळ घेतात. घाई केली तर ते पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात आणि सेल कायमचा खराब होतो. म्हणून नियंत्रण यंत्रणा प्रवाह कमी करते. उपाय सोपा आहे. चार्जर कुठे आहे हे माहीत असलं, तरी तो नेव्हिगेशनमध्ये मुक्काम म्हणून टाका. मगच गाडी वाटेत बॅटरी गरम करायला घेते.

चार्जरवर लिहिलेले किलोवॅट पाहून भुलू नये. या गाडीची बॅटरी सुमारे ४०० व्होल्टची आहे, त्यामुळे २०५ किलोवॅटसाठी जवळपास ५०० अँपिअर लागतात. ३५० किलोवॅटचा चार्जरही हिला त्याहून जास्त देऊ शकत नाही. आणि ज्याची मर्यादा ३०० अँपिअर आहे, तो १२० च्या आसपासच अडकतो.

घरी तीन फेजवर ११ किलोवॅट मिळतात, रिकामी बॅटरी साडेआठ तासांच्या आत भरते. एका फेजवर ३२ अँपिअरला ७.४ किलोवॅट, म्हणजे साधारण १२ ते १३ तास.

उणिवाही आहेत. तळ आणि रस्ता यांत अंतर १२५ मिलिमीटर. मागे एअर सस्पेन्शन आहे, पण ते भार वाढल्यावर मागची बाजू समपातळीत ठेवतं. उंच गतिरोधकावर गाडी उचलून घेत नाही. तिथे अगदी हळू जा, कारण खाली बॅटरीच आहे. ढाचा पेट्रोलच्या ४ सीरिज ग्रान कूपेशी जुळणारा असल्यानं मागे मधल्या प्रवाशाच्या पायांत उंच बोगदा येतो, आणि बॅटरीमुळे गाडीच्या आतली जमीन वर आल्यामुळे मांड्यांना आधार कमी मिळतो. बॉनेटखाली सामानाची जागा नाही. डिकी ४७० लिटरची, मागची काच दारासकट वर उघडते, त्यामुळे मोठी बॅगही सहज आत जाते.

टायरवर लक्ष ठेवा. दोन टनांहून जास्त वजन आणि सगळा टॉर्क मागच्या जोडीवर, म्हणून मागचे टायर आधी झिजतात. काही चाकांच्या संचांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, ते पुढे-मागे बदलून झीज वाटून घेता येत नाही. आणि मागच्या ब्रेक डिस्कना काम कमी असल्यानं दमट हवेत त्यांवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर आणि मागे कुणी नाही हे पाहून, सिलेक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून चार-पाच वेळा ब्रेक घट्ट दाबा. न्यूट्रलमध्ये मोटर वीज परत घेत नाही, त्यामुळे पॅड डिस्कवर घासले जातात आणि गंज निघून जातो.