नवखा चालक, ओला रस्ता आणि ईएसपी

(दृश्य: जूनचा पहिला पाऊस. उड्डाणपुलाचा उतार, पुढे डावीकडे वळण. एक हॅचबॅक. मागच्या काचेवर लाल 'एल'चा स्टिकर काढल्याचा चिकट डाग.)

निवेदन:
मुंबईचा रस्ता फार घसरतो तो पहिल्या सरींमध्ये. आठ महिने डांबरावर ठिबकलेलं ऑइल, टायरांची झीज, मेट्रोच्या आणि काँक्रीटच्या कामांवरून उडालेली सिमेंटची भुकटी, या सगळ्याचा थोड्याशा पाण्यात लेप तयार होतो. चांगला जोराचा पाऊस येऊन तो धुवून निघेपर्यंत रस्ता दिसतो नुसता ओला, पण टायरला लागतो साबणासारखा.

या गाडीत 18 वर्षं पूर्ण झालेला मुलगा आहे. पर्मनंट लायसन्स हातात येऊन महिना झालाय. समोरच्या वळणाची त्रिज्या साधारण 50 मीटर आहे असं धरू. कोरड्या, चांगल्या डांबरावर हे वळण ताशी 65 किलोमीटरपर्यंत निभावतं. ओल्या रस्त्यावर पकड जवळपास अर्ध्यावर आली, तर हीच मर्यादा 45च्या आसपास येते. मुलगा काल कोरड्यात इथून 55ने गेला होता. आजही काटा 55वरच आहे.

(दृश्य: गाडी मंदगतीत. पुढची चाकं वळलेली, गाडी मात्र जवळपास सरळ चाललेली.)

आता काय होतं ते टप्प्याटप्प्याने बघा. पुढची चाकं वळतात, पण गाडी वळणाच्या बाहेर जायला लागते. नवखा चालक घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतो. पुढच्या टायरची पकड आधीच संपलेली असते, त्यामुळे फरक पडत नाही. मग तो अ‍ॅक्सिलेटरवरून पाय झटकन काढतो. गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढच्या टायरना अचानक पकड मिळते आणि मागची बाजू हलकी होते. स्टिअरिंग तर गरजेपेक्षा जास्त वळवून ठेवलेलं आहे. मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी आडवी होते.

हा सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. अनपेक्षित गोष्ट दिसल्यापासून पाय हलेपर्यंत माणसाला एक सेकंद लागतो, नवख्याला त्याहून जास्त. ताशी 55 म्हणजे सेकंदाला 15 मीटर. बेस्टच्या बसपेक्षा जास्त अंतर गाडीने काही न करता कापलेलं असतं.

(दृश्य: उचललेल्या गाडीचं पुढचं चाक काढलेलं. हबपाशी बोटाच्या पेराएवढा काळा सेन्सर, त्यातून निघालेली वायर.)

हा चाकाच्या वेगाचा सेन्सर. असे चार, प्रत्येक चाकाला एक. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत हे असतातच. ईएसपी म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा. तिच्यासाठी त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. स्टिअरिंग किती अंशांनी फिरवलंय हे सांगणारा सेन्सर. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय हे मोजणारा सेन्सर. आणि गाडी आडवी किती जोराने ढकलली जातेय हे मोजणारा. कंपनीनुसार नावं बदलतात. मारुतीत ईएसपी, टोयोटात व्हीएससी, होंडात व्हीएसए, ह्युंदाईत ईएससी. काम एकच.

संगणक सेकंदाला सुमारे 25 वेळा एकच प्रश्न विचारतो: स्टिअरिंग जिकडे दाखवतंय, गाडी तिकडेच चाललीय का? उत्तर 'नाही' आलं की तो एखाद-दुसऱ्या चाकालाच ब्रेक लावतो. डाव्या वळणावर गाडी बाहेर सरळ निघाली, तर डावं मागचं चाक धरतो, म्हणजे नाक आत ओढलं जातं. उजवीकडे वळताना मागचा भाग बाहेर निसटला, तर डावं पुढचं चाक धरतो, म्हणजे गिरकी थांबते. सोबत इंजिनची ताकदही कमी करतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गाडीत ब्रेकचं पेडल एकच आहे. पट्टीच्या ड्रायव्हरलासुद्धा एकट्या डाव्या मागच्या चाकाला ब्रेक लावता येत नाही. त्यामुळे 'हात साफ असला की ईएसपीची काय गरज' हा वाद मुळातच चुकतो. यंत्र जे करतं, ते हातापायांनी करण्याची सोयच गाडीत नाही.

(दृश्य: जुनं छायाचित्र. दोन चाकांवर उचललेली लहान मर्सिडीज.)

1995 मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझने ही यंत्रणा महागड्या एस-क्लासमध्ये आणली. 1997 मध्ये स्वीडनमधल्या एका मोटर मासिकाच्या चाचणीत, अचानक समोर आलेला अडथळा चुकवताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ईएसपी सरसकट बसवली आणि ती लहान गाड्यांमध्ये यायला वाट मोकळी झाली. अमेरिकेत 2012च्या मॉडेलांपासून ती सक्तीची आहे, युरोपात 2014पासून सगळ्या नव्या गाड्यांना. एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा, म्हणजे घसरून दुभाजकावर किंवा झाडावर आदळण्याचा धोका ती सुमारे निम्म्याने कमी करते, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं. सीट बेल्टनंतर जीव वाचवणाऱ्या गोष्टींमध्ये हिला फार वरचं स्थान द्यावं लागेल.

आपल्याकडे एप्रिल 2019पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आलं. ऑक्टोबर 2023 मध्ये भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी चाचणी, सुरू झालं आणि त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी असावीच लागते. त्याआधीच्या कित्येक गाड्यांमध्ये ती फक्त वरच्या व्हेरिएंटला मिळायची.

(दृश्य: सोसायटीचं पार्किंग. झाकण घातलेली जुनी हॅचबॅक, शेजारी नवी एसयूव्ही.)

आणि इथेच आपल्या घराघरांतली चूक होते. मुलाला लायसन्स मिळालं की बाबा म्हणतात, "जुनी गाडी घे, घासली तरी चालेल." नवी, ईएसपी असलेली गाडी 20 वर्षं चालवणाऱ्या बाबांकडे राहते. घरातला सगळ्यात कच्चा चालक सगळ्यात कमी सुरक्षित गाडीत बसतो. बंपरवरच्या ओरखड्याचा हिशोब होतो आणि दुभाजकाचा राहून जातो. शक्य असेल तर पहिल्या वर्षी अदलाबदल करा. नवी गाडी मुलाला, मुलीला द्या.

सेकंडहँड घेताना व्हेरिएंट तपासा. नुसतं 'एबीएस आहे' हे उत्तर पुरेसं नाही. चावी फिरवून इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड बघा. गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा, असं पिवळं चिन्ह काही सेकंद पेटून विझायला हवं. यंत्रणा असूनही ते पेटतच नसेल, तर कुणीतरी दिवा बंद करून बिघाड लपवला असण्याची शक्यता आहे.

(दृश्य: कोस्टल रोड. वेगमर्यादेचे फलक: सरळ भागात 80, बोगद्यात 60, उतरण्याच्या वळणावर 40.)

आता दुसरी बाजू. ईएसपी स्टिअरिंगचं ऐकते. चालकाने कुठे बघायला हवं होतं, हे तिला कळत नाही. 40च्या वळणावर 80ने गेलात, तर चारही टायरची पकड एकत्र केली तरी गाडी त्या वळणात बसणार नाही. वेग दुप्पट झाला की वळणाला लागणारी पकड चौपट होते. यंत्र पकड वाटून देतं, नवी तयार करत नाही.

थांबण्याचंही तसंच. ओल्या रस्त्यावर ताशी 40 वरून ब्रेक लावल्यावर सुमारे 16 मीटर लागतात. 80 वरून 60 मीटरच्या वर. त्यात पाय हलेपर्यंत गेलेले 22 मीटर वेगळे. फ्रीवेवर पुढच्या गाडीच्या मागे 15 मीटरवर चिकटून चालणाऱ्याला ईएसपी, एबीएस, एअरबॅग, काहीच पुरेसं पडत नाही.

अंतर मोजायचा सोपा उपाय आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश म्हणा: "गणपती बाप्पा मोरया". साधारण दोन सेकंद होतात. तोवर तुम्ही त्या खांबाशी पोचता कामा नये. पावसात "मंगलमूर्ती मोरया" पण पूर्ण व्हायला हवं.

मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये क्लच, गिअर, चढावरचा हाफ क्लच आणि रिव्हर्स शिकवतात. आरटीओच्या चाचणीतही हेच बघतात. हे सगळं गाडी हलवण्याचं कौशल्य झालं. रस्ता वाचण्याचं कौशल्य वेगळं: पुढच्या गाडीच्या काचेतून त्यापुढची गाडी बघणं, थांबलेल्या बसच्या पुढून माणूस येणार हे आधीच गृहीत धरणं, उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यावर आणि मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांवर ओल्यात ब्रेक किंवा वळण न घेणं. हे महिन्याभरात येत नाही. त्यासाठी जाणत्या माणसाला शेजारी बसवून भरपूर किलोमीटर चालवावं लागतं, दिवसा, रात्री आणि मुद्दाम पावसात.

घसरलेली गाडी सावरण्याचे वर्ग हा त्यावरचा शॉर्टकट वाटतो. नॉर्वेने 1979 मध्ये नव्या चालकांना निसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. त्यानंतर तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात घटण्याऐवजी वाढले. आपल्याला जमतं असं वाटून ती वेगात जाऊ लागली होती. न्यूझीलंडने 1987 मध्ये दुसरी वाट धरली: टप्प्याटप्प्याचं लायसन्स. मधल्या टप्प्यात रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने चालवायचं नाही आणि मित्रांना बसवायचं नाही. आपल्याकडे असा कायदा नाही, पण घरात हा नियम करायला कुणाची परवानगी लागत नाही. 18च्या आत गाडी दिली तर मात्र कायदा पालकांनाच धरतो: 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द.

(दृश्य: रिकामी, खासगी मोकळी जागा. प्लॅस्टिकची रिकामी बाटली रस्त्याच्या मधोमध.)

यंत्राशी ओळख मात्र करून द्यायला हवी. जागा खासगी आणि परवानगीची असावी, मागेपुढे कुणी नसावं, दोघांचेही बेल्ट लावलेले, गाडीत सुटं सामान नको. वेग ताशी 30. जमीन ओली किंवा बारीक खडीची असेल तर उत्तम, कारण कोरड्या डांबरावर या वेगाला एबीएस जेमतेम जागं होतं. ब्रेक पूर्ण ताकदीने दाबायचा. पेडल पायाखाली थरथरतं, उलटं ढकलतं, करकर आवाज येतो. नवखा चालक इथे दचकून पाय उचलतो, आणि खऱ्या प्रसंगात हीच चूक होते. पाय तसाच दाबून ठेवायचा. जुन्या गाडीवर शिकलेले मामा-काका "ब्रेक सोडून सोडून मार" असं सांगतात. बिनाएबीएसच्या गाडीत ते बरोबर होतं. एबीएस ते काम स्वतः करतं, पाय उचलला तर त्याचं काम अडतं.

दुसऱ्या फेरीत ब्रेक दाबलेला ठेवूनच बाटलीच्या बाजूने वळून जायचं. नजर बाटलीवर ठेवली तर हात बाटलीकडेच जातात. नजर मोकळ्या जागेवर हवी. स्टिअरिंग नजरेमागे जातं आणि ईएसपी स्टिअरिंगमागे. या सरावात हेच पक्कं करायचं आहे.

(दृश्य: डॅशबोर्ड अगदी जवळून. पिवळं चिन्ह लुकलुकतंय.)

चिन्ह लुकलुकलं, म्हणजे यंत्रणा आत्ता काम करतेय. म्हणजेच तुम्ही पकडीच्या टोकाला आहात, वेग उतरवा. चिन्ह सतत पेटून राहिलं, तर यंत्रणा बंद आहे. आधी 'ऑफ'चं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहा. ते बटण चिखलात किंवा वाळूत चाक रुतलं तरच वापरायचं.

सोबत एबीएसचाही दिवा लागला असेल, तर संशय चाकाच्या सेन्सरवर. चिखल, लोखंडी कीस, आणि मुंबईच्या पार्किंगमध्ये नेहमीचे ते उंदीर, वायर कुरतडणारे. अशा वेळी साधा ब्रेक लागतो, पण दोन्ही यंत्रणा गप्प असतात. गॅरेजवाल्याला स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा, अंदाजाने भाग बदलू देऊ नका. व्हील अलाइनमेंटनंतर दिवा लागला, तर स्टिअरिंगचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो. बॅटरी काढल्यानंतर लागला असेल, तर बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फिरवून थोडं अंतर चालवलं की तो विझतो.

आणि टायर. ईएसपीचं सगळं काम शेवटी तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर चालतं. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच. पाणी साचणाऱ्या रस्त्यांवर 3 मिलिमीटरलाच बदललेला बरा. खाच पाणी बाहेर काढू शकली नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं होतं. तेव्हा ब्रेक नाही, वळवणं नाही. अ‍ॅक्सिलेटर हळूहळू सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, टायर पुन्हा रस्त्याला लागल्याचं हाताला जाणवेपर्यंत.

(दृश्य: तीच हॅचबॅक, तेच वळण, तोच पाऊस. काटा 40वर. पिवळं चिन्ह विझलेलं.)