आढळ होत नाही

[पडद्यावर: कचेरीतला अभिलेख कक्ष. लोखंडी मांडण्या, कापडात बांधलेले गठ्ठे.]

सरकारी कचेरीत कागदाचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं. ‘अ’ वर्गातला कागद कायम जपायचा. ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10 वर्षं, ‘क-1’ 5 वर्षं आणि ‘ड’ फक्त एक वर्ष. मुदत भरली की यादी होते, सही होते, गठ्ठा रद्दीत जातो. फायलीवर ते अक्षर घालणाऱ्या कारकुनाला पुढे हा कागद कोण मागायला येणार, याची कल्पना कुठून असणार?

सातारा-सांगलीत मागायला आले ते प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजांविरुद्ध गावोगावी स्वतःचा कारभार चालवणाऱ्या चळवळीतले म्हातारे. स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तीवेतन हवं, तर पुरावा लागत होता.

[वडूजचं हुतात्मा स्मारक.]

3 सप्टेंबर 1942. तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिरंगा लागला. 9 तारखेला वडूजच्या मोर्चावर गोळ्या चालल्या आणि परशुराम घार्गे पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. मग मोर्चे थांबले, माणसं भूमिगत झाली. 1943 ते 1946 या काळात इथल्या गावांत इंग्रजांना न जुमानणारा कारभार चालला, तेच प्रतिसरकार. न्यायदान मंडळं बसायची, गांधी पद्धतीनं बिनखर्चाची लग्नं लागायची, तुफान सेना हे प्रतिसरकारचं लढाऊ दल तयार होत होतं. 7 जून 1943ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली गेली. त्याच वर्षी 24 जुलैला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. दादांना गोळी लागली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव जिवानिशी गेले.

आता यांचे कागद शोधायचे कुठे?

वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, इंग्रजांच्या थेट अमलाखाली. सांगलीचा तुरुंग मात्र पटवर्धनांच्या संस्थानाचा. कुंडल औंध संस्थानात. एकच चळवळ, पण दप्तरं तीन. त्यात 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे वाळव्याच्या माणसानं आपल्या आजोबांची फाईल सांगलीच्या नावाखाली शोधली, तर जन्मात सापडायची नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात जाऊन ‘सातारा’ म्हणावं लागतं.

[जुन्या अर्जाचा नमुना.]

केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तीवेतन योजना आली 1972 साली. 1980 साली ती अधिक व्यापक झाली. अट साधी दिसते. किमान सहा महिने तुरुंगवास हवा, बाईमाणसाला तीन. तुरुंगात न गेलेल्यांसाठी भूमिगत म्हणून वेगळी वाट होती. पण त्यासाठी तुम्हाला फरारी जाहीर केलेलं असावं, तुमच्यावर इनाम लागलेलं असावं, नाहीतर तुमच्या नावाचा स्थानबद्धतेचा हुकूम निघून तो बजावता आला नसावा. आणि हे सगळं कागदावर दाखवायचं.

म्हणजे ज्या सरकारविरुद्ध लढलात, त्याच्याच पोलिसांनी तुमचं नाव नीट लिहून ठेवलेलं असायला हवं! पकडला गेला त्याचा पुरावा पक्का. ज्यानं चिठ्ठी वाचून लगेच फाडली, रात्रीत ऊस तुडवत दुसऱ्या गावी निरोप पोचवला आणि पोलिसांना कधी संशयच येऊ दिला नाही, त्याच्या अर्जावर शेरा: ‘अभिलेखात आढळ होत नाही.’ काम जितकं चोख, तितका पुरावा कमी.

बायकांचं तर विचारूच नका.

[भवानीनगर. रस्ता.]

प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी नव्वदी ओलांडल्यावर एक प्रसंग सांगितला होता. 1943 साल, भवानीनगरचं पोलीस ठाणं. ठाण्यासमोर एक दारुडा बायकोला मारतोय, हातात मोठा धोंडा, ‘इथंच जीव घेतो’ म्हणतोय. बाई ओरडतेय. भांडण सोडवायला पोलीस बाहेर धावले, तेवढ्यात साथीदारांनी आतून बंदुका पळवल्या. नवरा नाटकातला, बायको म्हणजे खुद्द हौसाताई. बंदुका गेल्याची तक्रार पोलीस लिहितील. पण रस्त्यावर मार खाणाऱ्या बाईचं नाव कोण कशाला लिहून ठेवतंय? ती आरोपीही नाही आणि साक्षीदारही नाही. भाकरी बांधून देणाऱ्या, शेतातल्या खोपीवर निरोप नेणाऱ्या कितीतरी जणींना तर असं सांगायची वेळही कुणी आणली नाही.

कागद नसेल तर दीर्घ शिक्षा भोगलेल्या सहकाऱ्याचं प्रमाणपत्र चालायचं. त्यात खोटेपणाही शिरला. बीड जिल्ह्यातलं बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तेव्हा कचेरी कागद मागते यात गैर काही नाही. पण 2001 साली त्याच न्यायालयानं बजावलं, की फौजदारी खटल्यासारखा बिनतोड पुरावा या लोकांकडून मागू नका. शक्यता कुठं झुकते ते पाहा. इतकी वर्षं उलटल्यावर हे कळलं, एवढंच.

[आयर्विन पूल, सांगली. पूररेषेची खूण.]

उरलेल्या कागदांचा वैरी म्हणजे पाणी. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. सांगली नगर वाचनालयाची पुस्तकं पाण्यात गेली. ओला कागद एकमेकांना चिकटतो. ओढला तर शाई समोरच्या पानावर उमटते, आणि दोन्ही पानं वाचता येत नाहीत.

महाराष्ट्रात 2005चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. तो सरकारी कागदाला लागू. ट्रंकेतल्या कॅसेटला, नातवाच्या मोबाईलमधल्या आजीच्या आवाजाला तो विचारत नाही. माझ्या मते अशा मुलाखतींना ‘अ’ वर्ग मिळायला हवा होता, आणि तोही चाळीस वर्षांपूर्वी. अजून ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांनी निदान एवढं करावं: कोण बोललं, कुठल्या गावचं, कुणी आणि कधी टिपून घेतलं, हे कॅसेटवरच लिहावं. दोघांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला असेल, तर एक पुसून टाकू नये. आणि गावाच्या नावापुढे तेव्हाचा तालुका, तेव्हाचा जिल्हा, संस्थान असेल तर तेही.